‘डंपिंग’मधला ‘इंग’

आज आम्ही एका प्रत्ययाबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, व्याकरणाचा तास घ्यायचा नाहीये. हा प्रत्यय इंग्रजीचा आहे, पण सकाळी उठल्यापासून आपल्या तोंडात तो दहा-वीस वेळा तरी येतो. बोरिंगचं पाणी आलं का, बिल्डिंगखाली थांब, गटाची मीटिंग आहे, एक कटिंग सांग. प्रत्येक शब्दाच्या शेवटी तोच ‘इंग’. आणि देवनारच्या या टोकाला राहणाऱ्यांच्या पत्त्यातसुद्धा तोच आहे, आपण लिहा किंवा न लिहा.

विषय निघाला तो आमच्या गटातल्या एका मुलीमुळे. बारावी झाली, संगणकाचा छोटा कोर्स केला, आणि एका दुकानात नोकरीसाठी मुलाखतीला गेली. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिने अर्जावर पत्ता व्यवस्थित लिहिला होता: प्लॉट नंबर, रोड नंबर, पिन कोड. समोरच्या बाईंनी तो वाचला, मान वर केली आणि विचारलं, “म्हणजे डंपिंगला ना?” पुढे फार काही विचारलं नाही. फोनही आला नाही.

घरी येऊन ती रडली वगैरे नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत आली आणि म्हणाली, “ताई, डंपिंग म्हणजे नक्की काय हो? टाकणं, टाकलेलं, की टाकायची जागा?”

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं हा शब्द बोलतोय, पण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मग शोधायला बसलो. हाताशी जुने-नवे कोश होते, व्याकरणाची पुस्तकं होती, आणि इंग्रजी शिकवायला येणारी ताई होती. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की तिन्ही. इंग्रजीत क्रियापदाला ‘इंग’ लावला की आधी त्या क्रियेचं नाव तयार होतं. ‘बिल्ड’ म्हणजे बांधणं, म्हणून ‘बिल्डिंग’ म्हणजे बांधण्याचं काम. मग जे बांधून उभं राहिलं त्यालाही बिल्डिंगच म्हणू लागले. आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा बांधणं मागे राहिलं होतं, इमारत तेवढी आली. ‘वेडिंग’चंही असंच. त्याच्या मुळाशी वचन देणं आहे, आज त्याचा अर्थ लग्न. ‘इव्हनिंग’ मूळचं ‘संध्याकाळ होणं’ होतं, आणि त्याच्याकडे बघून ‘मॉर्निंग’ घडवलं गेलं. (किंग, रिंग, स्प्रिंग यांना मात्र या कुटुंबात घेऊ नका. शेवट तसा ऐकू येतो, पण घराणं वेगळं.)

आपल्या मराठीतही क्रियेची नावं करायची सोय भरपूर आहे. करणे, टाकणे तर आहेतच. शिवाय पेरणी, कापणी, मळणी, धुलाई, शिलाई. दळण हे दळायचं धान्य, आणि दळणावळ म्हणजे दळण्याची मजुरी. एका जात्याभोवती एवढे शब्द! व्याकरणात यांना धातुसाधितं म्हणतात, म्हणजे धातूपासून साधलेली. पेरणी, कापणी, मळणी सगळ्या स्त्रीलिंगी. गंमत म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना लिंग होतं, तेव्हा हा प्रत्यय ‘उंग’ किंवा ‘इंग’ असा होता आणि तो लावून झालेली नामं स्त्रीलिंगीच असायची. जर्मन भाषेत ‘उंग’वाली नामं आजही स्त्रीलिंगी आहेत. इंग्रजीने पुढे लिंगाचं ओझं टाकून दिलं. आपण मात्र ती मीटिंग, ती बिल्डिंग म्हणतो. अर्थात त्यांची जुनी आठवण ठेवून नाही, ‘सभा’ आणि ‘इमारत’ स्त्रीलिंगी आहेत म्हणून.

पण इंग्रजीतला ‘इंग’ एकटा नाही, ते जुळं आहे, आणि आम्हाला सर्वांत जास्त नवल याचंच वाटलं. ‘डंपिंग चालू आहे’ यात तो क्रियेचं नाव आहे. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी, यात तो विशेषण आहे. आज दोघांचा चेहरा एक दिसतो, पण जुन्या इंग्रजीत दोघं वेगळे होते. नाम करायला ‘उंग’ किंवा ‘इंग’, आणि वाहतं, जळतं, हसतं असं म्हणायला ‘एंड’ किंवा ‘एंडे’. बाराव्या-तेराव्या शतकापासून दक्षिण इंग्लंडमध्ये दुसऱ्याचा उच्चार पहिल्याकडे सरकत गेला आणि काही पिढ्यांत ‘इंग’ने ‘एंड’ची जागा बळकावली. जुना ‘एंड’ दोन शब्दांत मात्र लपून राहिलाय. ‘फ्रेंड’ म्हणजे मुळात प्रेम करणारा, आणि ‘फीन्ड’, म्हणजे वैरी किंवा सैतान, हा मुळात द्वेष करणारा.

आता जरा आपल्या बाजूला या. संस्कृतात ‘जगत असलेला’ म्हणायला ‘जीवन्त’ आणि ‘जळत असलेला’ म्हणायला ‘ज्वलन्त’ अशी रूपं होतात. तेच आपले जिवंत आणि ज्वलंत. ‘संत’ शब्दही त्याच साच्यातला, मूळ अर्थ ‘असणारा’, म्हणजे खरा. हसत, चालत, जळता, वाहतं यातला आपला ‘त’ त्याच ‘अन्त’चा झिजलेला तुकडा आहे. आणि इंग्रजीचा तो जुना ‘एंड’ आणि संस्कृतचा ‘अन्त’ एकाच आजीची नातवंडं आहेत. भाषेच्या अभ्यासकांना हे दोनशे वर्षांपासून माहीत आहे, आम्हाला कळायला मात्र एका मुलाखतीत नापास व्हावं लागलं! ‘फ्रेंड’मधला शेवट आणि ‘जिवंत’मधला शेवट एका रक्ताचे. इंग्रजांनी आपला ‘एंड’ हरवला, आपण ‘त’ रोज वापरतोय.

‘ती काम करतेय’ असं सांगायलाही इंग्रजी ‘इंग’ वापरते. ते रूप एका वाटेने असं आलं: पूर्वी म्हणायचे, अमका ‘ऑन हंटिंग’ आहे, म्हणजे शिकारीवर आहे. ‘ऑन’चा झाला नुसता ‘अ’, मग तोही गळाला, आणि उरलं ‘हंटिंग’. हे समजायला आपल्याला अवघड नाही. “आई कुठेय?” “रेशनिंगवर गेलीय.” “आणि मावशी?” “डंपिंगवर.” जुने इंग्रज जसं बोलायचे तसंच आपण बोलतो.

मराठी बायकांच्या तोंडात हा ‘इंग’ आला कसा? शाळेतून नाही आला. शाळेत किती जणी होत्या? तो गिरणीतून आला. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली, आणि तिच्या नावातच दोन ‘इंग’ होते: बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. गिरण्यांत बायका मुख्यतः दोन खात्यांत असायच्या, वायंडिंग आणि रीलिंग. कोकणातून, घाटावरून आलेल्या त्या बायका सही करायला अंगठा पुढे करायच्या, पण आपलं खातं विचारलं तर ‘वायंडिंगला’ असं तडक सांगायच्या. सूत गुंडाळणं त्यांना घरी माहीत असेलही. पगार मिळायला लागला की ते वायंडिंग झालं.

ही खूण आम्ही नंतर सगळीकडे तपासून पाहिली, आणि ती बऱ्याच ठिकाणी लागू पडते. घरी असतं शिवण, कारखान्यात स्टिचिंग. घरी बांधाबांध, गाळ्यात पॅकिंग. घरचा केर, लादी, संडास साफ करणं याला नाव नाही, ते ‘घरचं’. तेच चेंबूरच्या हॉस्पिटलात किंवा बीकेसीच्या कचेरीत केलं की हाऊसकीपिंग. मजुरी कमी असो, ठेकेदार पैसे कापो, पण ‘इंग’ लागला की निदान ते काम आहे एवढं तरी कबूल होतं. आमच्यातली एक म्हणाली, “माझ्या नवऱ्याला सांगा, घरी पण हाऊसकीपिंगच चालतं.” रेकॉर्डिंग तिथे थांबवावं लागलं, कुणालाच हसू आवरेना.

रेशनिंगची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत धान्य मापून द्यायला सुरुवात झाली. ‘रेशनिंग’ म्हणजे वाटा ठरवून देणं, ही सरकारने करायची क्रिया. पण आपल्या तोंडी ती झाली जागा. रेशनिंगवर जायचं, रेशनिंगला उभं राहायचं. क्रिया सरकारची, उभं राहणं आपलं. धान्य येत नाही, तेल येत नाही, तर कुणाला विचारायचं? ‘रेशनिंगला आलं नाही’ एवढंच उत्तर. मग १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि लाटणी, थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. कोण देत नाही, त्याला समोर बोलावलं. हे इथे का सांगतोय ते पुढे कळेल.

आता डंपिंग. ‘डंप’ हा शब्द इंग्रजीत बहुधा उत्तरेकडच्या, समुद्रापलीकडच्या लोकांच्या बोलीतून आला, आणि आधी त्याचा अर्थ धपकन पडणं किंवा पाडणं एवढाच होता. गाडीभर माल एका जागी ओतायचा, हा अर्थ अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. तिथे ‘डंपिंग ग्राउंड’ हे जोडनाव झालं आणि ते जगभर पसरलं.

देवनारला कचरा यायला लागला तो रेल्वेने. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. शहर घाबरलं, लाखो माणसं गाव सोडून गेली. रोग घाणीतून येतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून घाण शहराबाहेर न्यायची ठरली. १८९७ साली पालिकेने देवनारची ८२३ एकर खाजण जमीन घेतली, आणि १८९९पासून कचऱ्याने भरलेले डबे रुळांवरून इकडे यायला लागले. भरतीचं पाणी येणारी दलदल कचऱ्याने भरून काढायची, म्हणजे कचराही जाईल आणि जमीनही मिळेल, असा हिशोब होता. आत्ताची कचराभूमी कागदोपत्री १९२७पासून धरतात. आज ती साधारण ३०० एकर आहे आणि तिच्यावरचे ढीग उंच इमारतींच्या बरोबरीने उभे आहेत. २०१६च्या जानेवारीत ते पेटले तेव्हाचा धूर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी छातीत भरून घेतलाय. आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवल्या होत्या, आणि तो धूर उपग्रहाच्या चित्रातही दिसला होता. ज्वलंत प्रश्न म्हणतात तो असा, शब्दशः.

बोर्डावर लिहिलेलं असतं डंपिंग ग्राउंड. आपण ‘ग्राउंड’ सोडून दिलं. मराठी वर्तमानपत्रं ‘कचराभूमी’ लिहितात, कधी ‘क्षेपणभूमी’ लिहितात. क्षेपणभूमी! आमच्यातल्या एकीला वाटलं, इथून क्षेपणास्त्रं उडवतात की काय. शब्द जड असला तरी चुकीचा नाही, क्षेपण म्हणजे फेकणंच. पण त्यातही ‘डंपिंग’चीच खोड आहे.

ती खोड म्हणजे, क्रियेचं नाव केलं की कर्ता गळून जातो. ‘तो कचरा टाकतो’ म्हटलं की ‘तो’ लागतोच. ‘कचरा टाकणं’, ‘डंपिंग’, ‘क्षेपण’ म्हटलं की कुणी टाकला हे सांगायची गरजच उरत नाही. टाकणारं शहर वाक्यातून उठून गेलं, क्रिया तेवढी इथे उरली. पुढे क्रियेची जागा झाली, आणि जागेवरून माणसं ओळखली जाऊ लागली. मुलाखतीतल्या त्या बाईंच्या घरचाही ओला-सुका कचरा इतकी वर्षं कुठे गेला असेल? पण ‘डंपिंगची’ ठरली ती आमची मुलगी.

इंग्रजीत करणारा दाखवायला वेगळा प्रत्यय आहे, ‘अर’. टीच करणारा टीचर, ड्राइव्ह करणारा ड्रायव्हर. मग डंप करणारा तो डंपर? तर डंपर म्हणजे गाडी! आणि ढिगावरून प्लॅस्टिक, काच, पत्रा निवडून आणणाऱ्या बाईला काय म्हणतात? रॅगपिकर. तिला मात्र ‘अर’ बरोबर लागला. म्हणजे या सगळ्या व्यवहारात भाषेने कर्ते शोधले ते दोनच, एक ट्रक आणि एक कचरा वेचणारी बाई. हे कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. पण झालंय असं. स्त्री मुक्ती संघटनेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या बायकांना एकत्र करायला घेतलं तेव्हा ‘परिसर भगिनी’ हे नाव वापरलं. ते आम्हाला थोडं गोड वाटतं, पण ‘रॅगपिकर’पेक्षा शंभर वेळा बरं.

राहता राहिलं इंग्रजी बोलणं. मुलाखतीनंतर त्या मुलीने इंग्रजीचा वर्गही सोडायचं म्हटलं होतं, कारण तिला वाटत होतं की पत्त्याबरोबर इंग्रजीही नडलं. तेव्हा आमच्यातल्या एका आईने आपली जुनी गोष्ट सांगितली. मुलाच्या प्रवेशासाठी ती एका शाळेत गेली होती आणि “आय अॅम हॅविंग टू चिल्ड्रन” म्हणाली. समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. का हसले ते तिला घरी आल्यावर थोरल्या मुलीने सांगितलं. त्या वाक्याचा अर्थ ‘मला आत्ता दोन मुलं होताहेत’ असाही होतो.

चूक होती, पण ती कुठून येते ते बघा. मराठीत ‘हॅव’ला क्रियापदच नाही. माझी दोन मुलं आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे. सगळं ‘आहे’वर चालतं. ‘मी करत आहे’ यातही ‘आहे’. मग ‘आहे’ दिसलं की जीभ ‘अॅम’ म्हणते आणि मागून ‘इंग’ आपसूक येतो. उलटंही होतं. इंग्रजीत ‘शी इज सिटिंग’, आपण म्हणतो ‘ती बसलीये’. बसायची क्रिया संपली, आता बसलेली आहे. इंग्रजी म्हणते ती अजून बसतेच आहे! दोन्ही बरोबर, दोन भाषा एकच बाई वेगळ्या क्षणी बघतात. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांनी अशा ‘इंग’भरल्या इंग्रजीवर एक अख्खी कविता लिहिली. ती वाचून लोक अजून हसतात, आम्हीही हसलो, पण जरा जपून.

आणि ज्यांची भाषा, त्यांचं तरी नेहमी बरोबर होतं का? अठराव्या शतकापर्यंत ते ‘घर बांधलं जातंय’ला ‘द हाऊस इज बिल्डिंग’ म्हणायचे, जणू घरच काहीतरी बांधतंय. त्या शतकाच्या शेवटाकडे ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप निघालं, तर एकोणिसाव्या शतकातले पंडित त्याच्यावर तुटून पडले. ओबडधोबड, अशुद्ध, असं बरंच म्हणून झालं. आज ते प्रत्येक व्याकरणाच्या पुस्तकात आहे. आणि ‘लव्ह’ला असा ‘इंग’ लावायचा नसतो असं शाळेत शिकवत असतानाच, एका मोठ्या बर्गरवाल्या कंपनीने २००३ साली तोच लावून जगभर जाहिरात केली. त्यांना कुणी हसलं नाही.

तर ती मुलगी वर्गाला पुन्हा येऊ लागली. गेल्या आठवड्यात ताईने सगळ्यांना सांगितलं, ‘इंग’ वापरून एक वाक्य लिहा, आणि त्यात कर्ता पाहिजे. कुणी लिहिलं आई स्वयंपाक करतेय, कुणी लिहिलं बस येतेय. हिने लिहिलं: ‘मुंबई इज डंपिंग गार्बेज इन देवनार सिन्स एटीन नाइन्टी नाइन.’

ताईने वाचलं. ‘इज’ खोडून त्या जागी लाल शाईने ‘हॅज बीन’ लिहिलं, कारण जे तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे त्याला इंग्रजीत ते रूप लागतं. बाकी वाक्याला तिने हात लावला नाही.